नियम आधी, कॅमेरा नंतर

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याला १९९० साली व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला, तो शिल्पकलेसाठी. त्यांनी मांडली होती छायाचित्रं! पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, खाणीच्या तोंडाशी उभे असलेले मनोरे यांची छायाचित्रं ते १९५९ पासून काढत आले होते. नियम ठरलेला: आकाश ढगाळ, कॅमेरा समोर आणि थोडा उंचावर, चौकटीत माणूस नाही. टाकी प्रत्यक्षात लहान असो की अवाढव्य, चौकटीत ती तेवढीच जागा व्यापणार. यातलं एकच चित्र पाहिलं तर रुक्ष वाटतं. नऊ चित्रं तीन-तीनच्या ओळींच्या जाळीत लावली की डोळा आपोआप तुलना करू लागतो, आणि माझ्या मते खरी कलाकृती ती तुलनाच आहे.

चित्रपटगृहांची छायाचित्रं काढणारे जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांचा नियम वेगळा. चित्रपट सुरू झाला की शटर उघडायचं, संपला की मिटायचं. एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर उजेड पडू देण्याचा वेळ किती, हे चित्रपटाची लांबी ठरवते; छायाचित्रकाराच्या हाती उरतं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत सोडणारं छिद्र. पडदा पांढराशुभ्र येतो आणि त्याच्याच उजेडात सभागृह दिसतं.

आता बेखरांसारखी जाळी स्वतः करायची तर काय बिघडतं ते पाहू. उंच वस्तूसाठी कॅमेरा वर वळवला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. म्हणून कॅमेरा पातळीत ठेवून लेन्स वर सरकवायची. व्ह्यू कॅमेऱ्यात (भात्याचा मोठा कॅमेरा) किंवा शिफ्ट लेन्समध्ये (सरकवता येणारी लेन्स) ती सोय असते. नसेल तर मागे जा, पातळी न सोडता चौकट मोठी घ्या आणि खालची जमीन नंतर कापा. रेषा सॉफ्टवेअरने ताणून सरळ होतात खऱ्या, पण वरच्या भागातला तपशील विरळ होतो आणि वस्तूची प्रमाणं प्रत्येक चित्रात वेगवेगळी बदलतात. तुलनेचा पायाच मग डळमळतो.

सर्वांत जास्त त्रास देतं आकाश. ढगाळ दिवशीही उजेड तासातासाला बदलतो, आणि ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपोआप केलेलं रंगांचं संतुलन, एक आकाश निळसर तर दुसरं पिवळट करून ठेवतो. व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर (उजेडाच्या रंगाचं माप) बांधा, एक्स्पोजर हाताने लावा, प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा ग्रे कार्डाचं, म्हणजे ठरावीक करड्या रंगाच्या पुठ्ठ्याचं चित्र घ्या. नंतर नऊही चित्रांत आकाशाच्या त्याच जागेचा करडेपणा आकड्यांनी जुळवा. नजरेवर विसंबू नका, ती थकते. कोपरेही तपासा. लेन्समुळे कोपरे किंचित काळवंडतात. एकट्या चित्रात ते कुणाला जाणवत नाही, पण जाळीत चार चित्रांचे चार कोपरे एकत्र येतात आणि तिथे स्पष्ट काळसर डाग दिसतो. चित्रांमध्ये तीन सेंटिमीटर मोकळी जागा सोडली तरी तो लपत नाही. सॉफ्टवेअरमधलं लेन्स प्रोफाइल (त्या लेन्सचे दोष दुरुस्त करणारी माहिती) लावून तो छपाईआधीच काढावा लागतो.

४० बाय ५० सेंटिमीटरची प्रिंट इंचाला ३०० पिक्सेलने काढायची तर ४७२४ बाय ५९०६ पिक्सेल, म्हणजे जवळपास २८ मेगापिक्सेल लागतात. कापाकापीसाठी त्याहून जास्त हाताशी हवेत. सगळ्या प्रिंट एकाच कागदाच्या रोलवर, एकाच बैठकीत काढा, कारण रोल बदलला की कागदाचा पांढरेपणा बदलू शकतो. प्रत्येकीची एक जादा प्रतही तेव्हाच काढून ठेवा. पुढे जाळीतली एखादी खराब झाली, तर नव्याने छापलेली तिच्या आठ शेजाऱ्यांशी जुळेलच असं नाही.