विहीर उपसली म्हणून झरे आटत नाहीत

वेचणीचे दिवस सोडून तुम्ही ग्रामपंचायतीच्या सभागृहात बसलात, तेव्हा थेट मानेतल्या पाणगाठीकडेच येतो.

मागच्या हंगामात एक बाई आल्या. वय चाळिशीच्या आत. मानेत, हासळीच्या हाडावर, लिंबाएवढी मऊ गाठ. "दुखत त नाही जी, पण वाढून रायली." एका ठिकाणी सुईनं पाणी काढून घेतलं होतं, महिन्याभरात गाठ जशीच्या तशी. त्याआधी कुणी डागही दिला होता. कातडीवर तीन वळ अजून दिसत होते.

अंगात रक्तवाहिन्यांसारखंच लसिकेचं, म्हणजे अंगातलं फिकट पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचं, जाळं असतं. गर्भातच त्याचा एखादा तुकडा मुख्य वाहिन्यांना जोडायचा राहून जातो आणि तिथं पाण्याच्या पिशव्या होतात. हा कॅन्सर नव्हे. हत्तीपायही नव्हे, तो डासांमुळे होतो. बहुतेकांत हे वयाच्या दोन वर्षांच्या आत दिसतं. काहींत मात्र पिशवी वर्षानुवर्षं गप्प असते आणि संसर्गानं, माराने किंवा आत रक्त उतरून एकाएकी फुगते. श्वास अडू लागला तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाणाऱ्यांनी जरा कान द्या. मोठ्या माणसाच्या मानेतली प्रत्येक पाणगाठ निरुपद्रवी नसते. कॅन्सर किंवा टीबी तशाच रूपात येऊ शकतो. तोंड-घसा, सोनोग्राफी, एमआरआय, लागल्यास सुईनं नमुना, हे सगळं आधी. ते न करता कुणी इंजेक्शन भरू लागला तर उठून या.

निदान पक्कं झालं आणि गाठीचा त्रास नसेल, तर नुसतं लक्ष ठेवणं हाही उपचारच. त्रास असेल तर स्क्लेरोथेरपी. नुसता उपसा करून भागत नाही, झरे बुजवावे लागतात. सोनोग्राफीत बघत सुई पिशवीत घालायची, गवती चहासारखं फिकट पिवळं पाणी ओढायचं आणि त्याच सुईतून औषध सोडायचं. आतलं अस्तर सुजतं, भिंती एकमेकींना चिकटतात. औषध ब्लिओमायसिन असेल किंवा डॉक्सिसायक्लिन. हो, स्क्रब टायफसच्या तापात देतात तेच. ब्लिओमायसिन फुप्फुसाला बाधू शकतं, म्हणून एकूण मात्रेचा हिशेब ठेवावा लागतो. त्यानंतर काही दिवस कातडी खाजवायची नाही, चिकटपट्टी ओरबाडून काढायची नाही. नाहीतर तिथं काळे पट्टे उमटतात.

पहिले काही दिवस गाठ उलट वाढते. त्या बाईंनी चौथ्या दिवशी घाबरून फोन केला होता. खरा फरक काही आठवड्यांनी कळतो. त्यांना तीन वेळा यावं लागलं. आता हात फिरवला तर बारीक कडक ठिपका लागतो, एवढंच.

मोठ्या पिशव्यांत हे छान जमतं. साबुदाण्यासारख्या बारीक पिशव्यांत तितकं नाही. तिथं सिरोलिमसच्या गोळ्या उपयोगी पडू शकतात. 1964 साली ईस्टर बेटावरून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून ते औषध मिळालं. त्यानं तोंड येतं, संसर्गाचा धोका वाढतो, रक्त तपासत राहावं लागतं. गरोदरपणात घ्यायचं नाही.

कुणी फिल्म आणली असेल तर थांबा. खिडकीपाशी उजेडात धरून बघू.