फुप्फुसाचं वजन

(दृश्य: परळ, सकाळची वेळ. रुग्णालयाच्या फाटकातून आत शिरणारी माणसं. मग सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी.)

हा गुलाबी पट्टा नीट बघा. आपण कोविडने गेलेल्या माणसाच्या फुप्फुसात, एका वायुकोशात, म्हणजे हवेच्या इवल्याशा पिशवीत आहोत. इथे फक्त हवा असायला हवी. पण भिंतीला आतून हा थर चिकटून बसलाय, रक्तातून पाझरलेल्या प्रथिनांचा आणि मेलेल्या पेशींचा. तो बसला, की व्हेंटिलेटरने ढकललेल्या ऑक्सिजनलाही रक्तापर्यंत पोचणं जड जातं.

निरोगी माणसाची दोन्ही फुप्फुसं मिळून किलोभराच्या आसपास भरतात. हाताला स्पंजासारखी लागतात, पाण्यावर तरंगतात. २०२० साली जर्मनीत, हॅम्बुर्गला, कोविडने गेलेल्या १२ जणांचं शवविच्छेदन झालं. त्यांची फुप्फुसं सरासरी दोन किलोंच्या घरात भरली. पण खरा धक्का पायांत दडलेला होता. १२ पैकी ७ जणांच्या आतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या सापडल्या, आणि ती माणसं जिवंत असताना कुणाला तशी शंकासुद्धा आली नव्हती. चौघांचा जीव तर गुठळी फुप्फुसात जाऊन अडकल्यानेच गेला होता.

त्या दिवसांत इथे मुंबईत घरोघरी आपण बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा बघत होतो. ९४, ९०, ८६. शिरांत काय चाललंय, हे त्या चिमट्याला कळणार नव्हतं.

फ्लूही वायुकोशांची अशीच नासधूस करतो. मात्र दोन्ही आजारांत गेलेल्या प्रत्येकी ७ जणांची फुप्फुसं तपासली, तेव्हा कोविडमध्ये केशवाहिन्यांतल्या बारीक गुठळ्या नऊपट आढळल्या. १९१८ची फ्लूची साथ आणखी वेगळी. जूनमध्ये ती मुंबईच्या गोदीतून शहरात शिरली. त्या साथीत जगभर जपून ठेवलेल्या फुप्फुसांत बहुतेक ठिकाणी विषाणूच्या मागून आलेल्या जिवाणूंचा न्यूमोनिया दिसतो.

कोविडमध्ये मूत्रपिंडाच्या नलिकाही खराब झालेल्या दिसल्या. हृदयाच्या स्नायूचा दाह मात्र आधी वाटलं होतं त्यापेक्षा कमी निघाला.

मे २०२० मध्ये आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, कोविडने गेलेल्यांच्या न्यायवैद्यक शवविच्छेदनात चिरफाड टाळायला सांगितलं, शवागारात काम करणाऱ्यांच्या जिवाच्या काळजीने. मला ते पटतं. तरी हळहळ वाटते. या शहरात इतकी माणसं गेली, आणि त्यांच्या आजाराची कितीतरी उत्तरं त्यांच्याबरोबरच गेली.

म्हणून ज्या घरांनी तेव्हा शवविच्छेदनाला होकार दिला, त्यांच्याविषयी मला फार वाटतं. शेवटचा चेहराही धड बघायला मिळत नव्हता, अशा वेळी त्यांनी त्या कागदावर सही केली.

(दृश्य: काचपट्टीची कड, जवळून.)

इथे नाव नाही. पेन्सिलीने लिहिलेला नंबर आहे.