राखणदार अ‍ॅम्पमध्ये बसलाय

(मंडप आणि साऊंड व्यावसायिकांच्या कुडाळ येथील मेळाव्यात केलेलं भाषण, किरकोळ काटछाट करून.)

मंडळी, नमस्कार. मागच्या रांगेत ऐकू येतंय का? नसेल तर हात वर करू नका. साऊंडवाल्यांच्या मेळाव्यात माईक नीट लागला नाही ही बातमी तालुक्याबाहेर जायला नको.

मला चाळीस मिनिटं सांगितली होती. त्यातली पंधरा सत्कारांत गेली. नारळ एवढे वाटलेत की बागायतदारांचा मेळावा शेजारच्या हॉलमध्ये होता असं वाटावं. असो. विषय आहे डीएसपी, म्हणजे आवाजाची आकडेमोड करणारा प्रोसेसर, आत असलेले अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यांवर सबवूफर, म्हणजे खालच्या जाड आवाजाचे बॉक्स, कसे चालवायचे. सेटिंग कसं करायचं ते मी आज क्रमाने सांगणार आहे. त्याआधी ही एक वस्तू हातोहात फिरवा. अठरा इंची स्पीकरचा पडदा हलवणारी कॉईल आहे, माझ्या पैशांची. तांब्याचे वेढे बघा, काळे पडून एकमेकांना चिकटलेत. आता उलटी करून खालची कड बघा, पत्र्याच्या डब्यावर पाय पडावा तशी दुमडलीय. काळा रंग एका चुकीचा आणि दुमड दुसऱ्या चुकीची. दोन्ही चुका एकाच संध्याकाळी झाल्या, आणि दोन्ही वेळा 'कर' म्हणणारा मीच होतो.

पूर्वी बरं होतं असं म्हणणारा मी नाही. ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प दोघांनी धरून साकवावरून पलीकडच्या वाडीत नेलाय मी, पावसात, वर ताडपत्री घालून. अलीकडचा माणूस म्हणायचा 'बघून', पलीकडचा म्हणायचा 'सांभाळून', मधल्याला विचारायचं कोणी नाही. आता तेवढीच ताकद एका हाताच्या पेटीत येते, क्लास डी सर्किट आणि जड ट्रान्सफॉर्मर नको असलेला स्विचिंग पॉवर सप्लाय, या दोघांची कृपा. तर असा पहिला हलका अ‍ॅम्प मी घेतला. विकणाऱ्याने सांगितलं, 'यात कॉम्प्युटरच आहे, तुम्हाला काही करायलाच लागत नाही.' हे वाक्य ज्या ज्या वस्तूबरोबर ऐकलं, तिने मला पुढे कामाला लावलंय.

देवगडकडचं एक गाव. देऊळ किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. डबल बारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ठरलेली, दोन्ही बुवा नावाजलेले. दहाला आवाज बंद करायचा म्हणून बारी सातलाच उभी राहिली. सांजेपासून खारा वारा सुटलेला. माझे चार सब, पोर्टवाले, म्हणजे हवेला तोंड ठेवलेले बॉक्स, एकेक आठ ओहमचा, ५०० वॅटचा. दोन-दोन जोडून एका चॅनेलवर. नवा अ‍ॅम्प, त्याच्या आधी जुना क्रॉसओव्हर, म्हणजे खालचा आवाज सबला आणि वरचा टॉपला वाटून देणारा, कारण रॅकमध्ये तो बसलेलाच होता आणि काढायला स्क्रू ड्रायव्हर सापडेना.

पहिला गजर सुरू झाला आणि भाचा येऊन म्हणतो, 'मामानू, बेस कमी येता. वाढवू?' आता मला सांगा, गावात दोन हजार माणूस बसलंय, समोर दुसऱ्या तालुक्यातले दोन साऊंडवाले हाताची घडी घालून उभे आहेत. अशा वेळी तुमच्यापैकी कोण 'नको' म्हणेल? मी म्हटलं, 'वाढव.' त्याने लॅपटॉपवर ३० हर्ट्झला ९ डीबी चढवले. ९ डीबी म्हणजे आठपट पॉवर. दोन बोटांनी एक रेघ वर ओढली की आठपट! मिक्सरच्या खुंटीला निदान थोडा जोर तरी लागायचा.

गंमत अशी की मृदंगाच्या धूमेत, म्हणजे जाड आवाजाच्या बाजूत, ३० हर्ट्झला फारसं काही नसतंच. मग तिथे होतं काय? वारा. माईकवर आदळणारा वारा बहुतेक सगळा याच खालच्या पट्ट्यात असतो. मृदंगाच्या माईकची फोमची टोपी आमच्याकडे होती, गाडीत, सीटखाली. शिवाय स्टेज फळ्यांचं, मागच्या कोरसवाल्यांनी ताल धरून मांड्या हलवल्या की फळी दणके द्यायची. म्हणजे आम्ही एका चॅनेलला हजार वॅट या हिशोबाने खारा वारा वाजवत होतो, मंडळी. समुद्राला सुद्धा त्या दिवशी वाटलं असेल, माझी कोणीतरी नीट जाहिरात करतंय.

पोर्टवाला बॉक्स ज्या सुरावर बांधलेला असतो, माझे ४५ हर्ट्झच्या आसपास होते, त्याच्या खाली गेलात की बॉक्समधली हवा कोनला, म्हणजे स्पीकरच्या पडद्याला, धरून ठेवत नाही. कोन मोकळा सुटतो. आवाज वाढत नाही, नुसता पुढे-मागे हेलपाटतो, वाळूत टाकलेल्या बांगड्यासारखा. मी जवळ जाऊन बघितलं, कोन बोटभर हलतोय आणि कानाला काही नाही. तेवढ्यात टक, टक, टक. कॉईल मागच्या पट्टीवर आपटत होती. ती दुमडलेली कड तेव्हाची.

आणि मृदंग? तो तर आधीपासूनच गायब. कारण जुना क्रॉसओव्हर १०० हर्ट्झला लावलेला, आणि अ‍ॅम्पच्या आतला क्रॉसओव्हरही १०० लाच, दोन्ही चोवीस डीबीचे, म्हणजे दर सप्तकाला चोवीस डीबीने उतरणारे. एक चोवीस डीबीचा लिंकविट्झ-रायली, हा क्रॉसओव्हरचाच एक प्रकार, आपल्या फ्रिक्वेन्सीला ६ डीबी खाली असतो, तो तसाच असायला हवा, कारण टॉपचे, म्हणजे वरचा आवाज वाजवणाऱ्या बॉक्सचे, ६ त्याला येऊन मिळतात आणि बेरीज सरळ येते. दोन लागोपाठ लावलेत की १२. म्हणजे धूमेला जिथे जान लागते तिथेच आम्ही खड्डा खणला, आणि खड्डा भरायला खाली वारा ओतला.

बुवा मोठे माणूस. गजर थांबवला, माईक जवळ ओढला आणि म्हणाले, 'साऊंडवाल्यांनू, मृदंग खंय गेलो?' सगळं गाव हसलं. ते हाताची घडीवाले जरा जास्तच हसले. पुढे मध्यंतराआधी एका बॉक्समधून वास यायला लागला. तुम्हाला माहीत आहे तो वास, वर्णन करत नाही, जेवण व्हायचंय.

आता तुम्ही म्हणाल, ठरल्या मर्यादेपलीकडे व्होल्ट जाऊ न देणारा लिमिटर नव्हता का? होता! हीच माझी खरी तक्रार. भाच्याने लिमिटरमध्ये लिहिलं १००० वॅट, दोन बॉक्सचे मिळून. हिशोब बरोबर. पण शेजारच्या खान्यात लोड ८ ओहम तसाच राहिला. दोन आठ समांतर जोडले की चार होतात, हे आपल्याला झोपेतही येतं, पण त्या खान्यात कोण बघतो? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. १००० गुणिले ४ केलं असतं तर ६३ व्होल्टला लगाम लागला असता. १००० गुणिले ८ झालं, म्हणून ८९ व्होल्टपर्यंत मोकळं रान. ८९ व्होल्ट आठ ओहमच्या बॉक्सवर म्हणजे एकेका बॉक्सला हजार वॅट. पाचशेच्या बॉक्सला! साध्या पोर्टवाल्या बॉक्समध्ये शंभर वॅटमधले जेमतेम चार-पाच आवाज होतात, बाकीची नुसती उष्णता. कॉईल काळी पडली ती अशी.

म्हणून मी गावोगाव हेच सांगतो, आणि माझी बायको म्हणते हे पुरे झालं आता. डीएसपीचा अ‍ॅम्प बेस वाढवायला घेऊ नका. तो राखणदार आहे. आपल्याकडे प्रत्येक वाडीला, प्रत्येक बागेला राखणदार असतो की नाही? पण त्याला हद्द सांगावी लागते. गाऱ्हाणं घालताना आपण मोघम बोलतो का? नाव घेतो, ठिकाण घेतो, काय राखायचं ते नीट सांगतो, मग सगळे म्हणतात 'व्हय म्हाराजा'. इथे तुम्ही हद्दच चुकीची सांगितलीत, तर तो इमानाने चुकीच्या बांधावर उभा राहणार. माझा राखणदार ८९ व्होल्टच्या बांधावर उभा होता. चोर ६३ ला आत शिरून गेला.

आणि तो अ‍ॅम्पच्या आतच का हवा? बाहेरचा प्रोसेसर चालतो, नाही म्हणत नाही. पण बाहेरच्या लिमिटरला अ‍ॅम्पची खुंटी कुठे आहे ते दिसत नाही. तुम्ही दुपारी खुंटी अर्ध्यावर ठेवून लिमिटर लावलात, रात्री कोणीतरी ती पूर्ण फिरवली, संपला लिमिटर. आतला प्रोसेसर आपल्याच अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर किती व्होल्ट जाणार हे धरून चालतो. घरातला माणूस आणि गेटवरचा माणूस यात फरक असतो.

एक सांगायचं राहिलं, आवाजाच्या मीटरचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागासाठी ठरवून दिलेल्या पातळीपेक्षा १० डीबी जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. हे आकडे डीबी-ए मध्ये. ए-वेटिंग, म्हणजे कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात म्हणून मीटर करतो ती वजावट, ५० हर्ट्झला जवळजवळ ३० डीबी वजा करून टाकतं. म्हणून सब एकटा वाजत असताना मीटर बघून खूश होणारे मी पाहिलेत. अरे, पण शेजारच्या घरावरच्या मंगलोरी कौलांना ए-वेटिंग कळत नाही! ती थरथरतात, म्हातारी उठून बाहेर येते, आणि तक्रार मीटरची नसते, कौलांची असते.

अध्यक्ष चिठ्ठी पाठवतायत. 'पाच मिनिटं.' बघा, विषय आत्ता सुरू होत होता. लिहून घ्या, भरभर सांगतो.

पहिलं, हाय-पास, म्हणजे ठरल्या सुराखालचं अडवणारी गाळणी. बॉक्सचा सूर ज्या फ्रिक्वेन्सीचा, तिथेच किंवा किंचित खाली, चोवीस डीबीचा. बनवणाऱ्याने सूर सांगितला नसेल तर इम्पीडन्स, म्हणजे फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलणारे ओहम, मोजून काढा, आलेखात दोन डोंगरांमधली दरी जिथे, तिथे सूर. दुसऱ्याच्या बॉक्सचा प्रीसेट व्हॉट्सअ‍ॅपवर आला म्हणून टाकू नका.

दुसरं, क्रॉसओव्हर एकाच ठिकाणी. जुना काढा, स्क्रू ड्रायव्हर विकत घ्या.

तिसरं, वेळ. आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. सब स्टेजपुढे जमिनीवर आणि टॉप दोन मीटर मागे स्टँडवर, असं आपण रोज करतो. ९० हर्ट्झला दोन मीटर म्हणजे जवळजवळ अर्धी लाट, दोघे एकमेकांना खातात. जो पुढे त्याला डिले द्या, इथे सबला, सहा मिलिसेकंदांपासून सुरू करा. टॉपचा अ‍ॅम्प वेगळ्या बनावटीचा असेल तर त्याच्या प्रोसेसरचा स्वतःचा उशीरही वेगळा असतो, तो धरा. मग सबची पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटी करून बघा. ज्या वेळी क्रॉसओव्हरपाशी सगळ्यात खोल खड्डा पडतो त्याच्या बरोबर विरुद्ध सेटिंग ठेवा. कानाने खड्डा ओळखायला सोपा असतो, उंचवटा नाही.

चौथं, लिमिटर दोन. झटक्यासाठी पीक, आणि गरम होण्यासाठी सावकाश लागणारा आरएमएस, म्हणजे सरासरी धरणारा. व्होल्टमध्ये लिहायची सोय असेल तर व्होल्टमध्येच लिहा, बॉक्स एक जोडा की दोन, ६३ ते ६३ च राहतात. केबल जाड वापरा. दीड चौरस मिलिमीटरची वीस मीटर ओढलीत तर जाऊन-येऊन अर्ध्या ओहमच्या जवळ जाते, चार ओहमच्या लोडवर दहावा भाग वाटेतच. वीज १८० वर आली की काय करायचं, जनरेटर, पावसाळ्यात पंख्यातून आत जाणारी खारी हवा, हे सगळं राहिलं.

पाचवं, सगळं झालं की पासवर्ड टाका आणि भाच्याला सांगू नका. तो इथेच बसलाय, हसतोय बघा. आता त्याची स्वतःची सिस्टीम आहे आणि तो मला पासवर्ड सांगत नाही.

अठरा इंचीवाले दोन बॉक्स बाहेर टेम्पोत आहेत, लॅपटॉप चार्ज केलेला आहे, जेवून या, ज्याला डिलेचा खड्डा ऐकायचाय त्याला ऐकवतो. आणि ती कॉईल कुणाकडे आहे? कोणी खिशात घालू नका, मागच्या खेपेला रत्नागिरीत एक गेली ती परत आली नाही.