आधी मागणं, मग सोपवणं

श्रोतेहो, प्रभू येशूच्या नावाने आपणा सर्वांना सलाम.

घरात कुणी दगावलं, नोकरी गेली, तपासणीचा रिपोर्ट वाईट आला, की भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "देवाची इच्छा! सोपवून द्या त्याच्यावर." म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ज्याच्यावर प्रसंग आलाय त्याला वाटतं, आता रडायचीही चोरी. रडलो तर मंडळी म्हणणार, याचा विश्वास कमी. आज मला त्या माणसाशी बोलायचं आहे.

क्रूसावर जाण्याआधीची, गेथशेमाने बागेतली प्रभूची रात्र आठवा. माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, असं प्रभूने शिष्यांना उघड सांगितलं. जवळ थांबा, जागे राहा, अशी विनवणी केली. ते झोपले. मग जमिनीवर पालथं पडून त्याने पित्याकडे काय मागितलं? होईल तर हा प्याला माझ्यावरून टळून जावो. आधी हे मागणं आहे, मनात होतं तसंच, काही न लपवता. त्यानंतर आलं, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. तेही एकदा म्हणून भागलं नाही. शुभवर्तमान लिहिणारा मत्तय सांगतो, प्रभू तीनदा प्रार्थनेला गेला. मग कबरस्तानातून घरी परतेपर्यंत तुमचं मन शांत झालं नाही, म्हणून स्वतःला दोष कशाला द्यायचा?

आपल्याच मातीतल्या पंडिता रमाबाईंकडे पाहा. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, बहीणही गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले, तेव्हा लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण त्यानंतर दुःखं थांबली, असं काही झालं नाही, आणि तसं वचन प्रभूने कुणाला दिलेलंही नाही.

मला रमाबाईंची एक गोष्ट फार मोलाची वाटते. स्वतःचं आयुष्य त्यांनी देवाच्या हाती दिलं, पण बालविधवेचे हाल ही देवाची इच्छा आहे, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. 1889 मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना सोबत आणलं, केडगावला मुक्ती सदन उभं केलं. स्वाधीन होणं म्हणजे हात बांधून बसणं असतं, तर पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या त्या माळावर काहीच उगवलं नसतं. म्हणून सांगतो, नवऱ्याचा मार खाणाऱ्या बहिणीला "हा तुझा क्रूस आहे, सोस" असं कुणी सांगू नये. तो मार माणसाचं पाप आहे. देवाच्या नावावर तो खपवू नका. तसंच डॉक्टरांनी दिलेलं औषध बंद करणं हाही विश्वास नव्हे.

पुढे 1921 च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. आपल्यानंतर काम जिच्या हाती द्यायचं, तीच लेक. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, ऐकू फार कमी येत होतं. कमी शिकलेल्या बायकांनाही समजावं अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर त्यांनी हाती घेतलेलं होतं. ते त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या, त्याआधी ते पूर्ण झालं होतं. संपूर्ण शास्त्र 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. लेकीसाठी त्या किती रडल्या असतील, ते देव जाणे. पण अश्रू आणि काम एकाच घरात नांदू शकतात, हे त्या दिवसांवरून दिसतं.

आणि दुःखाच्या घरी जाणाऱ्यांसाठी थोडं. पवित्र शास्त्रात ईयोब नावाच्या नीतिमान माणसावर संकटं कोसळली. त्याचे मित्र आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. पुढे ते बोलू लागले आणि तिथेच चुकले. तुम्ही जाल तेव्हा जेवणाचा डबा न्या, दवाखान्याच्या फेऱ्या वाटून घ्या, मुलांना शाळेत सोडा. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" हे शब्द त्यांच्या तोंडून त्यांच्या वेळेला येऊ द्या. तोवर मंडळीने त्यांच्या वतीने प्रार्थना करावी.