छत्री मोठी करत गेलं की…

मंडळी, गॅलरीत उभ्या असलेल्या मुलांच्या हातात दोन हवाई छत्र्या, म्हणजे पॅरॅशूट आहेत. दोन्ही कचऱ्याच्या काळ्या पिशवीतून कापलेल्या, एक फूटभर व्यासाची आणि दुसरी दोन फुटांची. खाली सारख्याच वजनाचा नट बांधलाय. सोडा रे एकदम!

बघितलंत? लहानीचा नट फरशीवर आपटला तेव्हा मोठी जेमतेम अर्ध्या वाटेवर होती. व्यास दुप्पट, वेग निम्मा. हिशोब सरळ वाटतो, पण मेख अशी की व्यास दुप्पट करताना पिशवी चौपट लागली.

हे असं का होतं? वजन खाली ओढतं, ते काही बदलत नाही. हवेचा विरोध मात्र छत्रीच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो, आणि वेगाच्या वर्गाबरोबरही वाढतो. तो वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो आणि छत्री एका चालीनं खाली येऊ लागते. क्षेत्रफळ चौपट केलं की निम्म्या वेगालाच तेवढा विरोध मिळतो. नुसतं दुप्पट केलंत, तर वेग सुमारे ७० टक्क्यांवर येतो. म्हणजे कापडाला दुप्पट पैसे मोजायचे आणि पदरात तीस टक्के.

आता माणूस टांगू. सामानासकट १०० किलो धरा. सेकंदाला ५ मीटर वेगानं उतरायचं, तर साधारण १० मीटर व्यासाची गोल छत्री लागते. हा वेग म्हणजे सव्वा मीटर उंचीच्या कट्ट्यावरून उडी मारण्यासारखा. गुडघे वाकवून, अंग सोडून पडलं तर धडधाकट माणसाला झेपतो. आणखी अलगद, अडीच मीटरनं उतरू म्हणालात, तर छत्री २० मीटरची हवी. कापड सुमारे ३१५ चौरस मीटर, म्हणजे पुण्यातले तीन-साडेतीन टू-बीएचके पाठीवर घेऊन विमानातून उडी मारायची! ते कापड फुलायला वेळ जास्त लागतो, तेवढ्यात उंची हातची जाते. शिवाय हळू उतरणारा माणूस वाऱ्याच्या तावडीत जास्त वेळ राहतो. ३०० मीटरवरून पहिला एका मिनिटात खाली येतो, दुसरा दोन मिनिटांत. वारा सेकंदाला ५ मीटरचा असेल तर पहिला ३०० मीटर वाहवत जाईल, दुसरा ६००. मैदानाऐवजी विजेच्या तारांवर अलगद उतरण्यात काय हशील?

कापडाच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी. इजा ठरते ती आदळतानाच्या ऊर्जेवर, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाबरोबर जाते. म्हणून छत्रीचं क्षेत्रफळ दुप्पट केलं की वेग तीस टक्केच घटतो, पण आदळण्याची ऊर्जा निम्मी होते. माझ्या मते छत्रीकडे याच नजरेनं बघावं. नुसता वेग बघितला तर तिच्यावर अन्याय होतो.

हा हिशोब खऱ्या माणसांवर कधी तपासला गेला? ७ ऑगस्ट १९७१ रोजी. चंद्रावरून परतणारं अपोलो १५ पॅसिफिकवर आलं. आत स्कॉट, वर्डन आणि आयर्विन. वर प्रत्येकी सुमारे २५ मीटर व्यासाच्या तीन छत्र्या उघडल्या आणि थोड्या वेळात एक मिटली. छायाचित्रात दोन टम्म फुगलेल्या छत्र्या आणि शेजारी लोंबणारी एक चिंधी स्पष्ट दिसते. यानातून बाहेर सोडलेल्या उरल्यासुरल्या इंधनानं बहुधा घात केला. तीनाऐवजी दोन म्हणजे क्षेत्रफळ दोन तृतीयांश. आपल्या गणितानं वेग बावीस टक्के वाढायला हवा. प्रत्यक्षात सेकंदाला साडेआठ मीटरच्या जागी पावणेदहाच्या आसपास गेला, म्हणजे पंधरा टक्केच. गणित चुकलं का? नाही. तीन छत्र्या दाटीवाटीनं एकमेकींना बाजूला रेटतात, तिरक्या होतात आणि पुरतं काम करत नाहीत. गर्दी कमी झाली की उरलेल्या दोघी जास्त राबतात. धक्का जोरात बसला, पण तिघेही सुखरूप बाहेर आले.

गगनयानातही हाच बेत आहे. आग्र्याच्या एडीआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेच्या साथीनं बनवलेल्या २५ मीटरच्या तीन मुख्य छत्र्या, आणि त्यांतल्या दोन उघडल्या तरी पुरे. २१ ऑक्टोबर २०२३ च्या चाचणीत त्या बंगालच्या उपसागरावर उघडलेल्या आपण टीव्हीवर बघितल्या. त्यांच्याआधी ५.८ मीटरच्या लहान छत्र्या उघडतात, कारण मोठी छत्री भरवेगात उघडली तर फाटेल. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये सोयुझमधून परतले. त्या यानाची मुख्य छत्री हजार चौरस मीटरची. तरी वेग सेकंदाला सातेक मीटर उरतोच. तो मारायला रशियनांनी आणखी कापड लावलं नाही. जमीन मीटरभरावर आली की यानाच्या बुडाची छोटी रॉकेटं पेटतात.

एक चिठ्ठी आलीय: ‘चांद्रयान-३ ला छत्री का नव्हती?’ छान प्रश्न. चंद्रावर छत्रीत भरायला हवाच नाही. गावभर कापड पसरलंत तरी विरोध शून्य. मंगळावर हवा आहे, पण पृथ्वीच्या एक टक्क्याच्या आसपास. २०२१ मध्ये नासाच्या पर्सिव्हिअरन्स यानानं तिथे साडेएकवीस मीटरची छत्री उघडली. तिनं ध्वनीपेक्षा जास्त असलेला वेग ताशी ३२० किलोमीटरपर्यंत आणला, मग तिला सोडून दिलं आणि पुढचं काम रॉकेटांनी केलं.