"पुन्हा चालव, होईल"

मंडळी, बिल्ड (म्हणजे कोडच्या फाइलींपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याचं काम) फेल झालं की टीममधलं कुणीतरी हमखास म्हणतं, "पुन्हा चालव, होईल." आणि गंमत म्हणजे होतंही! ते का होतं, एवढंच आज बघू.

माझ्याच प्रकल्पातली गोष्ट. एक छोटी स्क्रिप्ट एक हेडर (अनेक फाइलींना लागणाऱ्या व्याख्यांची सामाईक फाइल) तयार करायची आणि बऱ्याच सी फाइली तो वापरायच्या. त्या फाइली या हेडरवर अवलंबून आहेत, असं मेकफाइलमध्ये, म्हणजे काय कशापासून बनवायचं हे 'मेक' या बिल्ड करणाऱ्या साधनाला सांगणाऱ्या फाइलीत, कुणी लिहिलंच नव्हतं. तरी कित्येक महिने सगळं सुरळीत, कारण हेडरचं टार्गेट (बनवायच्या गोष्टीची नोंद) यादीत सगळ्यात वर होतं. कामं एकामागून एक व्हायची, त्यामुळे हेडर आपोआप आधी बनायचा. मग जास्त कोअरचं मशीन आलं, कुणीतरी मेकला 'जे'पुढे १६ आकडा दिला (म्हणजे एका वेळी १६ कामं चालव), आणि अधूनमधून "हेडर सापडत नाही" म्हणून बिल्ड थांबायला लागलं. स्क्रिप्ट अजून डोळे चोळत असायची, तोवर कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर हेडर मागायला हजर!

पुन्हा चालवलं की पास. कारण साधं आहे. एक काम फसलं तरी आधीच सुरू झालेली कामं संपेपर्यंत मेक थांबतं. म्हणजे फसलेल्या फेरीतच हेडर बनून डिस्कवर बसलेला असायचा. दुसरी फेरी सुरू व्हायची ती वेगळ्याच परिस्थितीत, आणि आम्ही समजायचो की पहिल्या वेळी मशीनलाच काहीतरी झालं असेल.

फेल होत होतं तोवर बरं होतं म्हणायचं. एकदा मी ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल होऊन बनलेल्या) पुसल्या, पण 'क्लीन' या साफसफाईच्या आदेशाच्या यादीत नाव नसल्यामुळे जुना हेडर तसाच राहिला. दरम्यान एका स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढलं होतं. काही फाइली जुना हेडर वाचून कंपाइल झाल्या, काही नवा वाचून. बिल्ड हिरवंगार. कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या लिंकरनेही हूं की चूं केलं नाही, कारण सीमध्ये तो नावं जुळवतो, स्ट्रक्चरचा आकार तपासत नाही. प्रोग्रॅम चालताना कोसळला आणि मी दोन दिवस बरोबर असलेल्या कोडमध्ये बग शोधत बसलो.

याच दुखण्यातून मेक जन्माला आलं आहे, बरं का. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये ते लिहिलं. त्यांच्या एका सहकाऱ्याची सकाळ अशीच वाया गेली होती: बग दुरुस्त केला होता, पण ती फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती. म्हणजे मुळात वेगापेक्षा खरेपणाची सोय म्हणून आलेलं हे साधन. आपण त्याला अर्धवट माहिती देतो आणि वर घाईही करतो.

आणखी एक नमुना बघा. बायसन हा पार्सर (भाषेची रचना ओळखणारा कोड) बनवणारा प्रोग्रॅम एका व्याकरणाच्या फाइलीतून दोन फाइली काढतो, एक सी आणि एक हेडर. दोन्ही नावं एकाच रूलच्या डावीकडे लिहिली की आपल्याला वाटतं, काम एकदाच होणार. मेक मात्र ते दोन स्वतंत्र रूल समजतं. समांतर चालवलं की बायसन दोनदा सुटतो, दोघे त्याच फाइलींवर लिहितात, आणि कंपायलरच्या हाती कधीकधी अर्धी लिहिलेली फाइल येते. ग्नू मेकच्या (मेकचा ग्नू प्रकल्पातला अवतार) ४.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, कोलनच्या आधी अँपरसँड टाकून "ही टार्गेट एकत्रच बनतात" असं सांगता येतं.

आता यातलं काहीही वेग आणि भरवसा यांच्यातली खरी देवाणघेवाण नाही. ही जुनी उधारी आहे, कोअर वाढले म्हणून वसुलीला आली. खरी ओढाताण मेमरीची. फाइली कंपाइल करताना १६ कामं आरामात मावतात, पण डीबग माहितीसकट मोठे सी प्लस प्लस प्रोग्रॅम एकाच वेळी लिंक व्हायला लागले, की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरीसाठी चालू कामांपैकी कुणालातरी मारून टाकतो. इथे मी बिनदिक्कत वेग सोडतो. निंजा या मेकसारख्याच साधनामध्ये 'पूल' करून एका वेळी दोनच लिंक होऊ द्यावेत. आणि आकडा न देता नुसतं 'जे' लिहू नका, मेक त्याचा अर्थ "कितीही" असा घेतं! तसंही शेवटचं लिंकिंग एकट्यानेच व्हायचं आणि त्याला एक मिनिट लागत असेल, तर शंभर कोअर लावूनही बिल्ड मिनिटाच्या खाली येत नाही. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडालने १९६७ मध्येच हे मांडून ठेवलंय.

उधारी शोधायची कशी? ग्नू मेक ४.४ मध्ये, २०२२ साली, 'शफल' आलं. ते टार्गेटचा क्रम मुद्दाम पिसतं आणि फेल झालं तर त्या क्रमाचा आकडा त्रुटीच्या ओळीत छापतं. तोच आकडा देऊन चालवलं की तोच क्रम परत मिळतो. आम्ही हे रात्रीच्या बिल्डला लावलं. पहिल्याच रात्री तीन डिपेंडन्सी (कोणती फाइल कशावर अवलंबून, याच्या नोंदी) राहून गेलेल्या सापडल्या. त्यातला एक रूल मी लिहिलेला होता.