सीसी सगळेच विचारतात, वरची जागा कोण विचारतं?

[दृश्य: शिवाजी उद्यमनगर. उघडं शटर, चालू लेथ, दारात खोललेल्या दोन मोटारसायकली.]

नवी गाडी दारात आली की कोल्हापुरात पहिला प्रश्न ठरलेला, "किती सीसी?" उत्तर ऐकून माना हलतात आणि गप्पा ॲव्हरेजवर जातात. इथं रोज इंजिन उघडणाऱ्याचं लक्ष मात्र दुसरीकडं असतं. पिस्टन पार वर गेल्यावर त्याच्या डोक्यावर जागा किती उरते?

आधी सीसीचा हिशोब उरकून घेऊ. बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची खाल-वर धाव. स्प्लेंडरचा बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोक 49.5. शाळेतलं वृत्तचितीचं सूत्र लावलं की 97.2 घनसेंटिमीटर येतात. आपण जिला शंभर सीसी म्हणतो ती गाडी एवढीच.

[दृश्य: टेबलावर उलटं ठेवलेलं हेड. अगदी जवळून.]

आता वरची जागा. ती मोजायला मेडिकलमधली सिरिंज पुरते. हेड म्हणजे सिलिंडरच्या तोंडावरचं झाकण. व्हॉल्व्ह बसवलेलं, प्लग आवळलेलं हेड उलटं ठेवायचं. कडेला ग्रीस लावून वर ॲक्रिलिकची सपाट पट्टी चिकटवायची, पट्टीला एक बारीक भोक. त्या भोकातून पातळ तेल सोडायचं. शेवटी एक हट्टी बुडबुडा उरतोच. हेड थोडं कलतं करून त्याला भोकाखाली आणायचा, बाहेर काढायचा आणि मग राहिलेले थेंब. किती तेल गेलं ते सिरिंजवर वाचायचं. त्यात गॅस्केटच्या, म्हणजे हेड आणि सिलिंडरमधल्या पातळ पॅकिंगच्या, जाडीची जागा मिळवायची, पिस्टनचा माथा फुगीर असेल तर तेवढी वजा करायची.

स्प्लेंडरचं कॉम्प्रेशन 9.9 धरलं, तर ही जागा भरते जेमतेम 10.9 सीसी. पिस्टन खाली असताना आत हवा-पेट्रोलचं 108.1 सीसी मिश्रण, वर गेल्यावर तेच 10.9 मध्ये कोंबलेलं. एकाला दुसऱ्यानं भागलं की 9.9. कॉम्प्रेशन रेशो म्हणतात तो हाच. दाबलेलं मिश्रण पेटलं की वायू त्याच प्रमाणात फुलतो. जितका जास्त फुलेल, तितकी त्याच पेट्रोलातली जास्त उष्णता पिस्टन ढकलण्याच्या कामी येते आणि तितकी कमी सायलेन्सरवाटे वाया जाते.

[दृश्य: बोअरिंग मशीन. नंतर हेडवर फिरणारा कटर.]

सिलिंडर झिजला, म्हणून बोअर मारून अर्धा मिलिमीटर मोठा, म्हणजे ओव्हरसाईझ पिस्टन टाकला. सीसी वाढले किती? दोनसुद्धा नाहीत. कॉम्प्रेशन 9.9 वरून 10.1. आता तोच अर्धा मिलिमीटर हेडच्या तोंडावरून काढा. सीसी तेवढेच राहतात, पण वरच्या जागेतला जवळजवळ एक सीसी गेला आणि कॉम्प्रेशन 10.8 वर पोचलं! म्हणून हेडला फेस मारताना, म्हणजे त्याचं तोंड घासून सपाट करताना, जाणता कारागीर हात आखडता घेतो. गाडी पळवायच्या नादात हेड घासून आणणारी पोरं त्याला नवीन नाहीत.

कारण फार दाबलं की मिश्रण तापतं आणि प्लगनं लावलेली आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातला उरलेला भाग आपोआप भडकतो. चढावर, लोड आला की टकटक ऐकू येते. हेच नॉकिंग. फार दिवस तसंच चालवलं तर पिस्टनचा माथा भाजतो. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा सांगतो तो एवढंच, की हे पेट्रोल किती दाब सोसेल. जुन्या बुलेट 350 चं इंजिन 346 सीसी, कॉम्प्रेशन सातच्याही खाली. तेव्हाचं पेट्रोल त्याहून फार सोसणारं नव्हतं. आजच्या 349 सीसी बुलेटचं कॉम्प्रेशन 9.5. सीसी विचारून हा फरक कधीच कळणार नाही.

[दृश्य: शेतातलं जुनं ऑइल इंजिन, जड फ्लायव्हील.]

डिझेलचा न्याय उलटा. पेट्रोल इंजिन ज्याला घाबरतं, त्यावरच हे चालतं. इथं आधी नुसती हवा दाबतात, सोळा-अठरा पट. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तेच इथं पाचशे अंशांच्या वर जातं. त्या हवेत डिझेलचा फवारा पडला की पेटतो, प्लग लागतच नाही. रुडॉल्फ डिझेलनं हे 1897 मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला चालवून दाखवलं. एवढा दाब हातानं फिरवणं अवघड, म्हणून हेडवर एक खटका. तो उचलून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, हँडल मारून फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि खटका पाडायचा. नदीकाठचे पंप आणि गुऱ्हाळातले चरक अशा इंजिनांनी ओढलेत.

[दृश्य: उसानं भरलेली ट्रॉली, मागं साखर कारखान्याची चिमणी.]

आता या उसाचं इथेनॉलही पेट्रोलात येतं. त्याचा ऑक्टेन आकडा शंभराच्या वर, म्हणजे ते दाब भरपूर सोसतं. उष्णता मात्र लिटरमागं पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. 9.9 चं इंजिन 9.9 च राहिलं, तर त्या सोसण्याचा उपयोग शून्य आणि ॲव्हरेजमधली घट तेवढी पदरात. ब्राझीलमध्ये 1979 पासून निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्या बनल्या, त्यांची इंजिनं मुळातच जास्त कॉम्प्रेशनची केलेली होती. जुन्या गाडीचं हेड घासून ते साधत नाही. इथेनॉल जळायला हवेच्या मानानं जास्त लागतं, म्हणजे जेट, कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, मोठा हवा, आणि नळ्या-सीलचं रबरही त्याला टिकणारं हवं.